एस्मा रेजेपोवा (१९४३–२०१६) : रोमा गायिकेची कारकीर्द आणि निराधार मुलांच्या संगोपनाचा प्रयोग

गोषवारा

मॅसिडोनियातील रोमा समाजात जन्मलेल्या एस्मा रेजेपोवा या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बाल्कन प्रदेशातील सर्वाधिक लोकप्रिय गायिकांपैकी एक होत्या. पती स्तेवो तेओदोसिएव्स्की यांच्यासमवेत त्यांनी ४७ मुलांचे संगोपन केले व त्यांना संगीताचे शिक्षण दिले. त्यांच्यासंबंधीच्या लेखनात गायन आणि परोपकार या दोन स्वतंत्र बाबी म्हणून मांडल्या जातात. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन्ही बाबी एकाच संस्थात्मक रचनेची अंगे होती, असे प्रतिपादन करण्यात आले आहे. वाद्यवृंद हेच घर, घर हीच शाळा आणि शाळेतून पुन्हा वाद्यवृंद, असे त्या रचनेचे स्वरूप होते. या रचनेचे सामर्थ्य व तिच्या मर्यादा यांचा येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : रोमा समाज, मॅसिडोनिया, युगोस्लाव्हिया, लोकसंगीत, संगोपन, परोपकार, सामाजिक बहिष्करण.

१. प्रस्तावना

बाल्कन प्रदेशाचा इतिहास आपल्याकडील अभ्यासक्रमांत प्रामुख्याने साम्राज्यांचे विघटन, १९१४ ची साराजेवो येथील हत्या, पहिले महायुद्ध आणि १९९० च्या दशकातील यादवी या घटनांच्या अनुषंगाने शिकविला जातो. राष्ट्रराज्यांच्या या इतिहासात ज्यांना स्वतःचे राष्ट्र नाही अशा समाजगटांना सहसा स्थान मिळत नाही. रोमा हा असाच एक समाज होय. युरोपात त्यांना 'जिप्सी' या नावाने ओळखले जाते. तथापि हे नाव इतरांनी दिलेले व अनेकांच्या दृष्टीने अवमानकारक असल्याने येथे 'रोमा' हीच संज्ञा वापरली आहे.

या समाजाचा इतिहास लिहिताना साधनांची मोठी अडचण जाणवते. राजदरबार, धर्मसंस्था किंवा भूमिव्यवस्था यांच्या दप्तरांत रोमा आढळतात ते बहुधा करदाते, गुलाम, कारागीर किंवा संशयित म्हणून. त्यांचे स्वतःचे लेखन अलीकडच्या काळातील आहे. अशा स्थितीत एखाद्या कलावंताची कारकीर्द हे सामाजिक इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरू शकते. एस्मा रेजेपोवा यांच्या जीवनाचा अभ्यास या दृष्टीने उपयुक्त आहे.

प्रस्तुत लेखनामागे पुढील उद्दिष्टे आहेत : (१) रेजेपोवा यांच्या कारकिर्दीची सामाजिक व राजकीय पार्श्वभूमी स्पष्ट करणे, (२) त्यांच्या संगोपनकार्याचे स्वरूप व त्यामागील कारणे तपासणे, (३) त्यांच्या भारताशी आलेल्या संबंधांचा अर्थ लावणे, (४) त्यांच्या कार्याच्या मर्यादांची चर्चा करणे. त्यासाठी चरित्रात्मक व ऐतिहासिक-विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

२. पार्श्वभूमी : रोमा समाज आणि मॅसिडोनिया

रोमा समाजाचे मूळ भारतात आहे, हे सर्वप्रथम भाषेच्या आधारे सिद्ध झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस र्‍यूडिगर व ग्रेलमान या जर्मन अभ्यासकांनी रोमानी भाषेचे भारतीय भाषांशी असलेले साम्य दाखवून दिले. पुढे १९२६ मध्ये राल्फ टर्नर यांनी रोमानीचे भारतीय-आर्य भाषांतील स्थान शास्त्रीय पद्धतीने निश्चित करण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मते या भाषेचा आरंभ मध्य भारतीय गटात झाला व नंतर तिच्यावर वायव्येकडील भाषांचे संस्कार झाले. मराठी वाचकाला या नात्याची खूण सहज पटते. रोमानीत एक ते तीन या संख्यांना येक, दुई, त्रिन असे म्हणतात, तर वीसला बिश म्हणतात. पाणी, नाक, कान, माणूस या शब्दांचे सगोत्र तिथे थोड्या उच्चारभेदाने आढळतात. रोमानीत मुलाला 'च्छावो' व मुलीला 'च्छाय' म्हणतात. मराठीतील 'छावा' हा शब्द याच कुळातील आहे. रेजेपोवा यांचे सर्वांत प्रसिद्ध गीत 'च्छाये शुकारिये' या नावाने ओळखले जाते. त्याचा अर्थ 'सुंदर मुली' असा संबोधनपर आहे.

मध्ययुगात रोमा समूह बायझँटाइन साम्राज्यातून बाल्कन प्रदेशात पसरले. ऑटोमन राजवटीत त्यांपैकी अनेकांनी इस्लामचा स्वीकार केला आणि शहरांच्या कडेला त्यांच्या वस्त्या वसल्या. मॅसिडोनियाची राजधानी स्कोप्ये येथील जुनी रोमा वस्ती 'तोपाना' या नावाने ओळखली जाते. हा शब्द म्हणजे आपल्या परिचयाचा 'तोफखाना'च होय. लोहारकाम, हमाली, घोड्यांचा व्यापार व वादन हे या वस्त्यांतील लोकांचे प्रमुख व्यवसाय होते. लग्न, सुंता, जत्रा अशा प्रसंगी सर्वधर्मीयांच्या घरी रोमा वादकांना बोलावणे जात असे. मात्र वादक म्हणून लाभणारे हे स्वागत शेजारी म्हणून लाभत नसे. वादनापुरते आत आणि बाकी व्यवहारात बाहेर, अशी ही स्थिती होती. रेजेपोवा यांच्या पुढील सर्व धडपडीचा संदर्भ हाच आहे.

दुसऱ्या महायुद्धात एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीने युगोस्लाव्हियावर आक्रमण केले व मॅसिडोनियाचा मोठा भाग बल्गेरियाच्या ताब्यात गेला. मार्च १९४३ मध्ये तेथील सात हजारांहून अधिक ज्यूंना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत पाठविण्यात आले. एस्मा यांचा जन्म त्यानंतर पाच महिन्यांनी, ८ ऑगस्ट १९४३ रोजी स्कोप्ये येथे झाला. युरोपात अन्यत्र लक्षावधी रोमांच्या आयुष्याची याच काळात धूळधाण होत होती.

युद्धोत्तर युगोस्लाव्हियात मार्शल टिटो यांच्या नेतृत्वाखाली 'बंधुता आणि एकता' हे राज्याचे अधिकृत तत्त्व झाले. तथापि त्या व्यवस्थेतही श्रेणी होत्या. सर्ब, क्रोएट, मॅसिडोनियन इत्यादींना 'राष्ट्र' म्हणून, अल्बेनियन व हंगेरियन यांना 'राष्ट्रीयत्व' म्हणून मान्यता होती. रोमांची गणना मात्र सर्वसाधारणपणे 'वांशिक गट' या शेवटच्या श्रेणीत होत असे. परिणामी आपल्या भाषेतून शिक्षण किंवा प्रसारण यांवर त्यांचा हक्क सांगितला जात नसे.

३. गायिकेचा उदय

एस्मा यांचे कुटुंब गरीब होते. चरित्रपर नोंदींनुसार त्यांच्या वडिलांना १९४१ च्या बॉम्बवर्षावात एक पाय गमवावा लागला. हमाली, बूट पॉलिश अशी मिळतील ती कामे करून ते संसार चालवीत. आई शिवणकाम करी. वडील हौसेने ढोल वाजवीत व गात. घरात धर्म व वंश यांची सरमिसळ होती. मुस्लिम, ख्रिस्ती व ज्यू असे तिन्ही धागे त्यांच्या पूर्वजांत सांगितले जातात.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या प्रोत्साहनाने त्यांनी रेडिओ स्कोप्येच्या हौशी गायकांच्या स्पर्धेत भाग घेतला व पहिला क्रमांक मिळविला. हे यश दोन कारणांनी उल्लेखनीय ठरते. पहिले कारण भाषेचे होय. तोवर रोमा गायक सार्वजनिक मंचावर मॅसिडोनियन, सर्बियन वा तुर्की भाषेत गात आणि पुष्कळदा आपले मूळ सांगण्याचे टाळत. रोमानी ही घरातील व वस्तीतील भाषा होती. या मुलीने ती आकाशवाणीवर आणली. दुसरे कारण स्त्रीत्वाचे होय. रोमा समाजात स्त्रिया गात असत, परंतु ते लग्नघरी, बायकांच्या मेळ्यात. परपुरुषांसमोर मोबदला घेऊन गाणाऱ्या स्त्रीकडे संशयाने पाहिले जाई. मद्यालयांतून गाणाऱ्या स्त्रियांची प्रतिमा तर अधिकच डागाळलेली होती. त्यामुळे मुलीचे गाणे हा आईवडिलांच्या दृष्टीने अभिमानापेक्षा चिंतेचा विषय होता.

या टप्प्यावर स्तेवो तेओदोसिएव्स्की यांचा प्रवेश झाला. ते अकॉर्डियनवादक, संगीतकार व स्वतःच्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते. ते रोमा नव्हते, तर मॅसिडोनियन होते आणि वयाने एस्मांपेक्षा बरेच मोठे होते. त्यांनी आईवडिलांची समजूत घालून एस्मांना आपल्या वाद्यवृंदात घेतले व त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. एका प्रतिष्ठित वादकाने रोमा मुलीला पुढे आणावे, हे स्कोप्येतील संगीतवर्तुळात अनेकांना रुचले नाही. पुढे दोघांनी बेलग्रेड येथे मुक्काम हलविला. संघराज्याची राजधानी, मोठे आकाशवाणी केंद्र व दूरचित्रवाणी यांमुळे तेथे अधिक वाव होता. एस्मांनी तेथील संगीत अकादमीत शिक्षण घेतले. १९६८ मध्ये दोघांचा विवाह झाला. रोमा स्त्री व रोमेतर पुरुष यांचा विवाह दोन्ही समाजांच्या दृष्टीने रूढीबाह्य होता, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

१९६० च्या दशकात झाग्रेब येथील 'युगोतोन' या कंपनीने काढलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका देशभर पोहोचल्या. 'च्छाये शुकारिये' ही त्यांची स्वतःची रचना होती. सलवारीसारखा पायघोळ पोशाख, डोक्याला फेटा, रोमानी शब्द आणि हुंदक्याचा भास निर्माण करणारी गायकी यांतून त्यांनी आपली ओळख झाकण्याऐवजी ठळक केली. अलिप्ततावादी चळवळीच्या काळात युगोस्लाव्हियाला जगापुढे आपल्या बहुसांस्कृतिकतेचे दर्शन घडवायचे होते. तेओदोसिएव्स्की वाद्यवृंद या धोरणाशी जुळणारा होता. त्यामुळे त्यांना परदेशदौऱ्यांच्या संधी मिळत गेल्या.

४. संगोपन : वाद्यवृंद, घर आणि शाळा

रेजेपोवा–तेओदोसिएव्स्की दांपत्याला स्वतःचे अपत्य नव्हते. गरीब, निराधार किंवा आईवडिलांना सांभाळणे अशक्य झालेल्या मुलांना घरी आणून वाढविण्याचा त्यांनी प्रघात पाडला. अशा मुलांची संख्या सर्वसाधारणपणे ४७ सांगितली जाते. काही ठिकाणी ती ४८ अशी आढळते. यांत मुख्यतः मुलगे होते व अनेकजण रोमा समाजातील होते. काहींना कायदेशीर दत्तक घेतले गेले, तर इतरांचे पालनपोषण मानसपुत्राप्रमाणे झाले. त्यांना अन्नवस्त्र, शालेय शिक्षण आणि एखाद्या वाद्याचे पद्धतशीर शिक्षण दिले जाई. अकॉर्डियन, क्लॅरिनेट, तुतारीसदृश ट्रम्पेट व दर्बुका हे चर्मवाद्य ही त्यांतील प्रमुख वाद्ये होती. मुलगा तयार झाला की तो वाद्यवृंदात वाजवू लागे. पुढे काहीजण बाहेर पडून स्वतंत्र व्यवसाय करीत, तर काहीजण अखेरपर्यंत एस्मांसोबत राहिले.

या व्यवस्थेचे तीन घटक वेगळे करून पाहता येतात.

पहिला घटक अर्थव्यवहाराचा. मुलांचा खर्च कार्यक्रमांच्या उत्पन्नातून चाले आणि कार्यक्रमांना लागणारे वादक याच मुलांतून मिळत. बाहेरच्या देणगीदारावर ही व्यवस्था प्रामुख्याने अवलंबून नव्हती. सामान्यतः परोपकारी कलावंत मिळविलेल्या उत्पन्नाचा काही भाग दान करतो. येथे उत्पन्नाचे साधनच मुलांच्या हाती सोपविले जात होते.

दुसरा घटक शिक्षणाचा. रोमा कुटुंबांत वादनविद्या बापाकडून मुलाकडे किंवा मामाकडून भाच्याकडे जाते. ज्या मुलाला कुटुंबाचा आधार उरला नाही, त्याला अन्नाबरोबर ही वडिलोपार्जित विद्याही अंतरते. तेओदोसिएव्स्कींच्या घराने या तुटलेल्या साखळीला पर्याय दिला. स्वरलेखन व वृंदवादनाची शिस्त यांची जोड मिळाल्याने हे शिक्षण वस्तीपुरते मर्यादित राहिले नाही.

तिसरा घटक प्रतिष्ठेचा. युगोस्लाव्हियात आणि पुढे मॅसिडोनियातही रोमा मुलांची शाळेतील गळती मोठी होती. अनेकांना वेगळ्या वर्गांत बसविले जाई. अशा मुलाच्या अंगावर वाद्यवृंदाचा एकसारखा पोशाख, नावासह झालेली ओळख आणि समोर टाळ्या वाजविणारा श्रोतृवर्ग या गोष्टी नव्या होत्या. दयेचा विषय असलेला मुलगा येथे कमावता कलावंत म्हणून उभा राहत असे.

या तिन्ही घटकांचा विचार करता या कार्याला 'दान' हा शब्द अपुरा वाटतो. मराठीत ज्याला आपण 'पोसणे' आणि 'घडविणे' म्हणतो, त्या दोन्ही क्रिया येथे एकत्र झाल्या होत्या. यामागील कारणही ऐतिहासिक आहे. रोमा समाजाजवळ जमीन, मंदिर-मशिदीचे उत्पन्न किंवा स्वतःच्या शिक्षणसंस्था नव्हत्या. त्याच्याजवळ कुटुंब आणि वाद्य या दोनच संस्था होत्या. रेजेपोवा दांपत्याने नवी संस्था आयात न करता या दोन जुन्या संस्थाच रुंद केल्या.

५. चंडीगढ, १९७६ : भारताशी संबंध

रोमा समाजाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा आरंभ एप्रिल १९७१ मध्ये लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमानी परिषदेने झाला. तिचे अध्यक्षपद युगोस्लाव्हियातील स्लोबोदान बेर्बेर्स्की यांच्याकडे होते. या परिषदेत 'जेलेम, जेलेम' हे गीत रोमांचे राष्ट्रगीत म्हणून स्वीकारण्यात आले. निळ्या-हिरव्या ध्वजावर लाल चक्राचे चिन्ह घेण्यात आले. हे चक्र रोमांच्या भटकंतीचे जसे द्योतक आहे, तसे ते भारतीय तिरंग्यावरील चक्राचेही स्मरण करून देते. परिषदेस भारताचे माजी राजनैतिक अधिकारी व भाषाभ्यासक वीर राजेंद्र ऋषी उपस्थित होते. त्यांनी चंडीगढ येथे भारतीय रोमानी अध्ययन संस्था उभारली, 'रोमा' हे नियतकालिक चालविले व रोमानीचा बहुभाषी शब्दकोश सिद्ध केला.

ऋषी यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये चंडीगढ येथे रोमा गीत-संगीताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला. तेथे रेजेपोवा व तेओदोसिएव्स्की यांचा रोमा संगीताचे राणी व राजा म्हणून गौरव करण्यात आला. 'रोमा गीतांची राणी' हे बिरुद पुढे आयुष्यभर एस्मांच्या नावाशी जोडले गेले. १९८३ मध्ये तेथेच दुसरा महोत्सव झाला व त्याचे उद्घाटन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी केले.

या गौरवाचा अर्थ लावताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. राणीपद हे कोणत्याही रोमा पंचायतीने दिलेले अधिकारपद नव्हते. ते महोत्सवातील मानचिन्ह होते आणि नंतर ध्वनिमुद्रिकांच्या जाहिरातीतही त्याचा उपयोग झाला. तसेच हा महोत्सव आणीबाणीच्या काळात झाला. दूरच्या आप्तांचे स्वागत करणाऱ्या याच देशात अनेक भटक्या जमातींवर १९५२ पर्यंत गुन्हेगारीचा कायदेशीर शिक्का होता आणि तो पुसल्यावरही सामाजिक संशय टिकून होता. म्हणजे रोमांना युरोपात जो अनुभव येत होता, त्याच्याशी मिळताजुळता अनुभव भारतातील भटक्यांचाही होता. तरीही या भेटीचे महत्त्व कमी होत नाही. युरोपात ज्यांना 'तुम्ही कुठले?' हा प्रश्न हेटाळणीने विचारला जाई, त्यांना त्याचे सन्मानाने देता येईल असे उत्तर चंडीगढने पुरविले. एस्मांच्या मुलाखतींत व मंचावरील निवेदनांत भारतीय मुळाचा उल्लेख पुढे वारंवार येत राहिला.

या नात्याला पुढे कलेच्या पातळीवरही उजाळा मिळाला. २००१ मध्ये उत्तर अमेरिकेत झालेल्या 'जिप्सी कॅराव्हॅन' या दौऱ्यात रेजेपोवा यांच्यासोबत रुमानिया व स्पेन येथील रोमा कलावंत आणि राजस्थानातील 'महाराजा' हा समूह सहभागी होता. जस्मिन डेलाल यांनी या दौऱ्यावर काढलेला माहितीपट २००६ मध्ये प्रदर्शित झाला.

६. विघटनानंतरचा काळ

१९८९ मध्ये हे दांपत्य स्कोप्ये येथे परतले. लवकरच युगोस्लाव्हियाचे विघटन सुरू झाले. सप्टेंबर १९९१ मधील सार्वमतानंतर मॅसिडोनिया स्वतंत्र झाला. नव्या राज्यघटनेच्या सरनाम्यात रोमांचा नामोल्लेख करण्यात आला, ही त्या काळातील युरोपात लक्षणीय बाब होती. १९६३ च्या भीषण भूकंपात स्कोप्ये शहराचा बहुतांश भाग उद्ध्वस्त झाला होता व एक हजाराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले होते. त्यानंतर वसलेल्या शुतो ओरिझारी या उपनगरात रोमा मोठ्या संख्येने राहू लागले. १९९६ मध्ये या उपनगराला स्वतंत्र नगरपालिकेचा दर्जा मिळाला. २००२ च्या जनगणनेत देशात ५३,८७९ व्यक्तींनी आपली नोंद रोमा म्हणून केली.

घटनेतील मान्यता मिळाली तरी आर्थिक स्थिती खालावली. सरकारी कारखाने बंद पडल्याने अकुशल रोमा कामगार सर्वप्रथम बेकार झाले. १९९९ मधील कोसोव्हो संघर्षात सुमारे साडेतीन लाख निर्वासितांनी मॅसिडोनियात आश्रय घेतला. त्यांत रोमाही होते. १९९७ मध्ये तेओदोसिएव्स्की यांचे निधन झाले होते. त्यानंतर वाद्यवृंद, मुलांचा परिवार आणि मदतकार्य यांची जबाबदारी एस्मांनी एकटीने पेलली. रुग्णालये, अपंग व्यक्ती, निराधार मुले व निर्वासित यांच्यासाठी त्यांनी मदतनिधीचे कार्यक्रम केले. चरित्रपर लेखनात अशा कार्यक्रमांची संख्या दोन हजारांहून अधिक दिली जाते. असे आकडे कलावंताच्या प्रसिद्धीचा भाग असल्याने ते काटेकोर मोजणी म्हणून न घेता कार्याच्या व्याप्तीचे निदर्शक मानणे श्रेयस्कर. स्कोप्ये येथील आपल्या घरास मानवतेचे घर व संगीताचे संग्रहालय असे रूप देण्याचा संकल्पही त्यांनी केला होता.

नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचे नामांकन झाल्याचा उल्लेख अनेक ठिकाणी येतो. याबाबतही सावधगिरी हवी. नोबेल समिती नामांकने ५० वर्षे गुप्त ठेवते आणि नामांकन हा समितीचा अभिप्राय नसतो. त्यांच्या कार्याचे मोजमाप अशा बिरुदांवर अवलंबून ठेवण्याचे कारण नाही. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष गोर्गे इव्हानोव्ह यांनी त्यांना 'राष्ट्रीय कलावंत' हा किताब दिला. रोमानी भाषेत गाणाऱ्या स्त्रीला राज्याने राष्ट्राची प्रतिनिधी मानणे, हा साठ वर्षांच्या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा होता. त्याच वर्षी स्वीडनमधील माल्मो येथे झालेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत व्लात्को लोझानोस्की यांच्यासमवेत त्यांनी देशाचे प्रतिनिधित्व केले. मात्र त्यांचे गीत अंतिम फेरीत पोहोचले नाही. ११ डिसेंबर २०१६ रोजी स्कोप्ये येथे त्यांचे निधन झाले.

७. मर्यादा व आक्षेप

रेजेपोवा यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना केवळ गौरवाची भूमिका घेणे इतिहासलेखनास शोभणारे नाही. त्यांच्यावर मुख्यतः चार आक्षेप घेता येतात.

पहिला आक्षेप प्रतिमेसंबंधी आहे. भडक पोशाख, अश्रू, उत्कटता यांतून त्यांनी रोमांविषयीचे ठोकळेबाज चित्रच विकले, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. पण ते अर्धे आहे. मंचावर येण्यासाठी श्रोत्यांच्या मनातील प्रतिमेचा आधार घ्यावा लागला, परंतु मंचावर आल्यानंतर त्यांनी भाषा, रचना व निवेदन स्वतःच्या हाती ठेवले. या नियंत्रणालाही सीमा होत्या. २००६ मध्ये 'बोराट' या विनोदी चित्रपटात त्यांचे प्रसिद्ध गीत वापरले गेले, तेव्हा आपली संमती घेतली नसल्याची तक्रार करीत त्यांना न्यायालयीन मार्ग अवलंबावा लागला.

दुसरा आक्षेप स्त्री-पुरुष भेदाचा आहे. वाद्यवृंदातील मुले प्रामुख्याने मुलगे होती. रोमा वादनपरंपरेत वाद्ये पुरुषांच्या हाती असतात व मुलींना घराबाहेर पाठविण्यास कुटुंबे तयार नसत. त्यामुळे ज्या स्त्रीने स्वतः बंधन मोडले, तिच्या शाळेत मुलींना जागा थोडीच राहिली. एस्मांनंतर रोमा गायिका पुढे आल्या, पण त्या त्यांच्या उदाहरणामुळे. त्यांच्या घरातून घडून आलेल्या फार थोड्या.

तिसरा आक्षेप राजकीय आहे. टिटोंच्या काळात त्या राज्याच्या सांस्कृतिक दूत होत्या व स्वातंत्र्योत्तर काळात सत्ताधारी पक्षाशी त्यांची जवळीक राहिली. हक्कांसाठी झगडणाऱ्या रोमा कार्यकर्त्यांना ही भूमिका मवाळ वाटणे स्वाभाविक होते.

चौथा मुद्दा संस्थेच्या टिकाऊपणाचा आहे. येथे त्याच देशातील दुसऱ्या लोकप्रिय गायकाशी तुलना उद्बोधक ठरते. क्रुशेव्होचे तोशे प्रोएस्की (१९८१–२००७) यांनीही मदतकार्यात मोठा वाटा उचलला. २००४ मध्ये ते युनिसेफचे सदिच्छादूत झाले. ५ ऑक्टोबर २००७ रोजी स्कोप्येच्या मैदानात त्यांनी शाळांच्या मदतीसाठी भव्य कार्यक्रम केला आणि त्यानंतर ११ दिवसांनी क्रोएशियात मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. प्रोएस्की यांचा मार्ग मोठा कार्यक्रम, त्यातून निधी व संस्थेमार्फत वाटप असा होता. तो अधिक लोकांपर्यंत पोहोचतो, पण लाभार्थी व दाता यांची भेट होत नाही. रेजेपोवा यांचा मार्ग थोड्या मुलांपुरता होता, पण त्या मुलांचे संपूर्ण आयुष्य बदलणारा होता. त्याची उणीव अशी की, तो दोन व्यक्तींच्या शक्तीवर उभा होता आणि त्यांच्यानंतर तो त्याच रूपात चालू ठेवणे कठीण होते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. रेजेपोवा यांची कारकीर्द ही केवळ वैयक्तिक प्रतिभेची कथा नाही. युद्धोत्तर युगोस्लाव्हियातील आकाशवाणी, ध्वनिमुद्रण उद्योग आणि सांस्कृतिक धोरण यांनी निर्माण केलेल्या संधीचा एका बहिष्कृत समाजातील मुलीने केलेला तो जाणीवपूर्वक उपयोग होता.

२. रोमानी भाषेला घरातून आकाशवाणीवर आणणे, हेच त्यांचे पहिले समाजकार्य मानावे लागेल. मदतनिधीचे कार्यक्रम त्यानंतरचे.

३. ४७ मुलांचे संगोपन हे गायनाला जोडलेले पुण्यकर्म नव्हते. कुटुंब व वाद्य या रोमा समाजाच्या दोन मूळ संस्थांचा तो विस्तार होता. गायन थांबले असते तर घर चालले नसते आणि घर नसते तर वाद्यवृंद उभा राहिला नसता.

४. चंडीगढ येथील गौरवाने त्यांना बिरुद दिले, त्याचबरोबर रोमांच्या भारतीय मुळाच्या जाणिवेला सार्वजनिक प्रतिष्ठाही दिली. तथापि त्या नात्याचा उत्सव करताना भारतातील भटक्या समाजांच्या स्थितीचा विसर पडू नये.

५. या प्रयोगात मुलींचा अल्प सहभाग, सत्तेशी जवळीक व व्यक्तिनिष्ठ रचना या मर्यादा होत्या.

बहिष्कृत समाजातील यशस्वी व्यक्तीपुढे सामान्यतः दोन मार्ग असतात. मूळ ओळख टाकून वरच्या समाजात मिसळणे हा एक आणि दुरूनच आपल्या लोकांना मदत पाठविणे हा दुसरा. एस्मा रेजेपोवा यांनी यांपैकी कोणताही मार्ग पत्करला नाही. त्यांनी आपल्या लोकांच्या मुलांना स्वतःच्या घरात आणि स्वतःच्या मंचावर जागा दिली. बाल्कन प्रदेशाच्या सामाजिक इतिहासात या कृतीची नोंद लोकप्रिय गीतांइतकीच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाची मानली पाहिजे.